अननसाचा सुवास मोजून घालताना: घरगुती खाद्य उद्योगात एथिल ब्युटिरेट कसे वापरावे

अननसाच्या स्वादाचे सरबत, बर्फाच्या गोळ्याचा पाक, शिरा किंवा पेस्ट्रीवरील क्रीम विक्रीसाठी तयार करणाऱ्या प्रत्येकाचा एका द्रवाशी रोजचा संबंध येतो. हा द्रव रंगहीन असतो, पाण्यापेक्षा पातळ वाटतो आणि त्याच्या बाटलीचे बूच काढले की क्षणात खोलीभर दरवळतो. त्याचे नाव एथिल ब्युटिरेट. किराणा दुकानात ‘पाइनॅपल इसेन्स’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटलीत बहुधा हेच मुख्य असते आणि बाकीचे त्याला वाहून नेणारे द्रावक असते. सोलापुरात मार्चपासून जूनपर्यंत गोळ्याच्या आणि सरबताच्या गाड्यांवर या वासाची जेवढी विक्री होते, तेवढी प्रत्यक्ष अननसाची होत नसावी. अननस हे इकडच्या मातीतले फळ नव्हे. ते बाहेरून येते, महाग पडते आणि येथील उन्हात लवकर उतरते. आपले फळ डाळिंब. ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण डाळिंबाला सुवास जवळजवळ नसतोच, आणि सरबताच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी वासानेच थांबते.

हा पदार्थ कसा निवडावा, कसा मोजावा, कोणत्या टप्प्यावर घालावा आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात कसा टिकवावा, याची माहिती पुढे दिली आहे. बचत गटातून किंवा घरच्या स्वयंपाकघरातून लहान प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या व्यक्ती नजरेसमोर ठेवून हे लिहिले आहे.

पदार्थाचा स्वभाव

एथिल ब्युटिरेट हे एस्टर आहे. एथिल अल्कोहोल आणि ब्युटिरिक आम्ल आम्लयुक्त उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तापवले की पाणी बाहेर पडते आणि हे एस्टर तयार होते. एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ साली मांडलेली ही पद्धत बारावीच्या विद्यार्थ्यांनाही परिचित असते. यातील ब्युटिरिक आम्लाचा वास खवट लोण्याचा असतो आणि ते प्रत्यक्षात लोण्यात सापडतेही. नाकाला नकोशा वाटणाऱ्या आम्लाचे अल्कोहोलशी मीलन होऊन अननसाचा सुवास निर्माण व्हावा, हे रसायनशास्त्रातील एक मोठे गमतीचे प्रकरण आहे. ही गंमत उलट दिशेनेही चालते, आणि त्या उलट प्रवासाचा आपल्या धंद्याशी थेट संबंध असल्यामुळे त्याचा विचार साठवणीच्या भागात सविस्तर केला आहे.

हे एस्टर निसर्गात अननसाप्रमाणेच संत्रे, आंबा, पेरू आणि स्ट्रॉबेरी यांतही आढळते. संत्र्याचा रस आटवताना ते वाफेबरोबर निघून जाते, म्हणून मोठे कारखाने ती वाफ थंड करून त्यातील सुवास गोळा करतात आणि नंतर रसात परत मिसळतात. कारखान्यात तयार केलेले फळांचे स्वाद ही अलीकडची गोष्टही नव्हे. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात अशा स्वादांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या आणि ऑगस्ट विल्हेल्म होफमान या रसायनशास्त्रज्ञाने त्यांच्या घटकांचा शोध घेतला होता.

वापराच्या दृष्टीने चार गुणधर्म लक्षात ठेवावेत. हा द्रव सुमारे १२१ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वाफेबरोबर उडून जातो. त्याची घनता सुमारे ०.८८ आहे, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि तूप-तेलात मात्र सहज मिसळतो. चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. पाण्यात एक अब्ज भागांत एक भाग एवढ्या विरळ प्रमाणातही माणसाच्या नाकाला त्याची चाहूल लागते. याचा हिशेब असा, की दहा हजार लिटरचे शंभर टँकर एकत्र केले तर त्या सगळ्या पाण्यात एक ग्रॅम एथिल ब्युटिरेट घातल्यावरही त्याचा वास जाणवण्याच्या उंबरठ्यावर असेल. हे ध्यानात आले की ‘अंदाजाने दोन झाकणे’ ही सवय आपोआप सुटते.

खरेदी करताना

बाजारात हा पदार्थ दोन रूपांत मिळतो. एक म्हणजे तयार इसेन्स, ज्यात एथिल ब्युटिरेटबरोबर अलिल हेक्झानोएट, एथिल हेक्झानोएट यांसारखी इतर एस्टरे आणि द्रावक मिसळलेले असतात. दुसरे म्हणजे शुद्ध एथिल ब्युटिरेट, जे स्वाद-सुगंधाच्या घाऊक विक्रेत्यांकडून मागवावे लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तयार इसेन्सच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकट्या एथिल ब्युटिरेटचा वास अननसापेक्षा मुलांच्या चघळायच्या गोळीच्या जवळ जातो. पिकलेल्या अननसाच्या वासात गंधकयुक्त एस्टरांची किंचित उग्र छटा आणि जळत्या साखरेसारखी एक गोड छटा असते, आणि एका बाटलीतून ते सगळे मिळत नाही. स्वतःचे मिश्रण जमवायची हौस आणि चिकाटी असेल, किंवा खऱ्या अननसाच्या रसाला फक्त जोड द्यायची असेल, तर मात्र शुद्ध पदार्थ उपयोगी पडतो.

सोलापुरातील मधला मारुतीच्या बाजारात खरेदीला गेल्यावर बाटलीवर काय छापले आहे ते दुकानातच उभे राहून वाचावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, निर्मात्याचे नाव-पत्ता, गट क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि शिफारस केलेले प्रमाण या गोष्टी नसतील, तर ती बाटली कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. मोठ्या कॅनमधून सुटे काढून बिनलेबलच्या बाटलीत भरून दिलेले इसेन्स घेऊ नये. एथिल ब्युटिरेट रंग आणि लॅकरच्या उद्योगातही द्रावक म्हणून वापरले जाते, म्हणून ‘खाद्य दर्जा’ हा शब्द आणि त्याला आधार देणारे विश्लेषण प्रमाणपत्र शुद्ध पदार्थ घेताना आवर्जून मागावे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक आम्ल वापरून केलेले एस्टर फक्त हुंगण्यासाठी असते. ते शुद्ध केलेले नसते आणि खाद्यपदार्थात त्याला जागा नाही.

द्रावकाच्या बाबतीत तर अधिकच कडक राहावे लागते. इसेन्स पातळ करण्यासाठी लागणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल खाद्य किंवा औषधी दर्जाचे आणि सीलबंदच घ्यावे. दिसायला तसेच, चवीला गोडसर आणि किमतीने स्वस्त असलेले डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष आहे, आणि खाद्य स्वादांत द्रावक म्हणून त्याचा वापर करण्यास आपल्या कायद्याने बंदी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अगदी आपल्या आठवणीतल्या १९८६ साली डायएथिलीन ग्लायकॉलयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. किलोमागे चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

सुरक्षिततेविषयी ग्राहक विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. शरीरात गेल्यावर एथिल ब्युटिरेटचे पुन्हा थोडे अल्कोहोल आणि ब्युटिरिक आम्ल होते, आणि दोन्ही अत्यल्प प्रमाणात असल्याने शरीर ती सहज पचवते. ब्युटिरिक आम्ल तर तुपातूनही पोटात जातच असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने स्वादासाठीच्या नेहमीच्या प्रमाणात या पदार्थाबाबत सुरक्षिततेची शंका नसल्याचे मत दिले आहे. हे मत खाण्याच्या प्रमाणापुरते आहे. शुद्ध द्रव डोळ्यांत गेला किंवा बंद खोलीत त्याची वाफ बराच वेळ हुंगली, तर त्रास होतोच.

एक टक्क्याचे द्रावण

शुद्ध एथिल ब्युटिरेट सरळ पाकात कधीही घालू नये. पाकाची घनता सुमारे १.३ आणि एस्टरची ०.८८, त्यामुळे टाकलेला थेंब पाकावर तरंगत राहतो आणि घट्ट पाकात तो विरघळायला फार वेळ लागतो. पातेले उजेडाकडे किंचित कलते करून पाहिले तर पृष्ठभागावर कडेला चिकटलेली तेलकट, चमकणारी गोल चकती दिसते. अशा अवस्थेत बाटल्या भरल्या, तर एका बाटलीत नाकाला झोंबणारा वास आणि बाकीच्यांत नुसता साखरेचा पाक, असा प्रकार होतो. म्हणून आधी सौम्य द्रावण करून ठेवावे.

यासाठी सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. थेंब मोजून काम करू नये. पाण्याचे सुमारे वीस थेंब एक मिलिलिटर भरतात, पण एस्टरचे थेंब बारीक पडतात आणि त्याच ड्रॉपरमधून त्याच मिलिलिटरला कितीतरी अधिक थेंब लागतात, त्यामुळे एका पदार्थाचा हिशेब दुसऱ्याला लावला की प्रमाण चुकते. तपकिरी काचेची, कोरडी केलेली बाटली काट्यावर ठेवून काटा शून्य करावा, तिच्यात ९९ ग्रॅम प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्यावे, पुन्हा शून्य करून १.०० ग्रॅम एथिल ब्युटिरेट काचेच्या ड्रॉपरने सोडावे, बूच लावून बाटली हळूहळू उलटसुलट करावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम एस्टर असते. एक लिटर तयार सरबतात एक मिलिलिटर द्रावण पडले, की दहा लाख भागांत दहा भाग असे प्रमाण झाले. सरबतासाठी सुरुवात याच्या निम्म्यापासून करावी.

काच असे मुद्दाम म्हटले, त्याला कारण आहे. एस्टरे काही प्लॅस्टिके मऊ करतात आणि काही विरघळवतात. थर्मोकोलच्या पेल्यात शुद्ध एथिल ब्युटिरेटचा एक थेंब टाकून पाहिल्यास त्या जागी खड्डा पडून पेल्याला भोक पडलेले दिसते. पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीतून तर वास हळूहळू भिंतीतूनच बाहेर झिरपतो. आठवडाभराने कपाट घमघमते आणि बाटलीतला माल मात्र हलका झालेला असतो.

हे काम करताना गॅस बंद असावा, देवघरातील निरांजन आणि उदबत्तीही विझवलेली असावी आणि खिडकी उघडी असावी. शुद्ध एथिल ब्युटिरेटची वाफ सुमारे २० ते २५ अंश सेल्सिअसपासून पेट घेऊ शकते. थंड प्रदेशात ही मर्यादा दिलासा देणारी वाटेल, पण सोलापुरात जानेवारीतही दुपारचे तापमान या आकड्याच्या वर जाते आणि मे महिन्यात ते ४० ते ४४ अंशांच्या घरात असते. म्हणजे आपल्याकडे वर्षातील जवळजवळ प्रत्येक दुपारी हा द्रव पेट घेण्याच्या स्थितीत असतो. त्याची वाफ हवेपेक्षा चौपट जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे ओट्यावर काम चालू असताना खाली ठेवलेली पेटती शेगडी हा खरा धोका ठरतो. पहाटेची वेळ या कामाला उत्तम. एक टक्क्याचे द्रावण झाल्यावर हा धोका बराच कमी होतो; रोजच्या वापरात शुद्ध बाटली बाहेर काढावीच लागू नये, हा द्रावण करून ठेवण्याचा दुसरा फायदा आहे.

सरबताचा आणि गोळ्याचा पाक

एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी एकत्र करून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्यावी. आपल्याकडे नळाचे पाणी रोज येतेच असे नाही, आणि साठवलेल्या पाण्याला कधी टाकीचा तर कधी क्लोरीनचा वास लागतो. म्हणून पाणी आधी उकळून, निवळून आणि गाळून घ्यावे. नाजूक सुवासाचा अर्धा नाश पाण्याच्या वासानेच होतो. पाकाला उकळी आली की वर येणारी मळी काढावी, १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड थोड्या पाण्यात विरघळवून घालावे आणि दोन-तीन मिनिटांत आच बंद करावी. आम्लामुळे चवीला अननसाची आंबट बाजू येते आणि साखरेचा थोडा भाग फुटल्यामुळे पाक गारठ्यात साखरत नाही. तार येईपर्यंत पाक आटवू नये. वरील प्रमाणात तो दोन तृतीयांश साखरेचा आणि साधारण सव्वा लिटरच्या किंचित आत भरतो, आणि तेवढा दाटपणा पुरेसा असतो.

यानंतरची पायरी वाट पाहण्याची आहे आणि घाई नेमकी येथेच होते. पातेल्याला बाहेरून हात लावला असता गरम लागता कामा नये, इतका पाक निवू द्यावा. गरम पाकात इसेन्स घातले की घरभर अननसाचा घमघमाट सुटतो, करणाऱ्याला वाटते की माल छान जमला, आणि प्रत्यक्षात जो वास घरभर पसरला तो बाटलीतून कायमचा गेलेला असतो. वाफ येणाऱ्या पातेल्यावर वास जितका जोरात येतो, तितके नुकसान जास्त, असे समजावे.

पाक निवल्यावर एक टक्क्याच्या द्रावणाचे ३ मिलिलिटर घालून स्टीलच्या उलथन्याने तळापासून पाच मिनिटे ढवळावे आणि झाकून ठेवावे. नंतर एका पेल्यात एक भाग पाक आणि चार भाग गार पाणी घेऊन चव पाहावी, आणि गरज वाटल्यास एकेक मिलिलिटरने वाढवत न्यावे. एक भागाला चार भाग पाणी या हिशेबाने वरील पाकाचे साडेपाच लिटरांहून थोडे अधिक सरबत होते, त्यामुळे ६ मिलिलिटरपुढे जाण्याची सहसा वेळ येऊ नये. तयार इसेन्स वापरत असाल, तर बाटलीवरील शिफारशीच्या निम्म्याने सुरुवात करावी, कारण प्रत्येक कंपनीची तीव्रता वेगळी असते आणि एका बाटलीचे माप दुसरीला लागू पडत नाही.

चव ज्या रूपात विकायची त्याच रूपात घ्यावी. सरबताचा पाक गार पाण्यात आणि गोळ्याचा पाक किसलेल्या बर्फावर ओतूनच तपासावा, कारण थंडाव्याने सुवास दबतो आणि जीभही बधिर होते. कोमट पाकात नेमके वाटलेले प्रमाण बर्फावर फिके लागते. याच्या उलट, पाच-दहा मिनिटे इसेन्स हाताळलेल्या माणसाचे नाक त्या वासाला सरावते आणि त्याला सगळेच फिके वाटू लागते. त्या अवस्थेत आणखी घातलेले इसेन्स दुसऱ्या दिवशी उग्र, औषधी आणि डोके धरणारे ठरते. म्हणून मिश्रण करणाऱ्याने स्वतः शेवटचा निर्णय देऊ नये. घरातील दुसऱ्या कोणालातरी, शक्य तर बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला, चाखायला द्यावे आणि पक्के प्रमाण पाक रात्रभर मुरल्यानंतर सकाळी ठरवावे.

एवढे करूनही वास चघळगोळीसारखा वाटत असेल, तर त्याचा उपाय अधिक इसेन्स हा नाही. पाकात खऱ्या अननसाचा थोडा गाळलेला, उकळी आणलेला रस घातला की फळाचा उरलेला अंगभूत भाग येतो आणि एस्टरचे प्रमाण उलट कमी करता येते. मात्र रसामुळे पाक पातळ होतो आणि टिकाऊपणा घटतो, म्हणून असा पाक थंड जागी ठेवून लवकर संपवावा. पिवळा रंग घालायचाच असेल तर परवानगी असलेलाच, आणि कृत्रिम रंगांची एकूण मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे हे विसरू नये. बिनरंगाचा पाक विकायला अवघड जातो, हे खरे. पण हळदीसारखा भडक पिवळा गोळा पाहून पालक मुलांना दूर ओढतात, हेही तितकेच खरे आहे.

शिरा, क्रीम आणि इतर पदार्थ

अननसाच्या शिऱ्यात या एस्टरचा सर्वांत प्रामाणिक उपयोग होतो, असे मला वाटते. फळाच्या फोडी शिजवाव्याच लागतात, कारण कच्च्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर दुधातील प्रथिने तोडते आणि दूध घातलेला पदार्थ कडवट होतो. शिजवताना विकर निकामी होते, पण त्याच आचेवर फळाचा स्वतःचा सुवासही उडून जातो. शिरा तयार झाल्यावर, आच बंद करून, वाफ मुरल्यानंतर किलोमागे एक ते दोन मिलिलिटर द्रावण वेलदोड्याच्या पुडीबरोबर घालून हलक्या हाताने मिसळले, की स्वयंपाकात गेलेले फळाचेच काहीतरी फळाला परत मिळते. संत्र्याच्या रसाचे कारखाने हेच मोठ्या प्रमाणावर करतात.

तुपकट पदार्थांत एस्टर तुपात विरघळून बसते आणि नाकापर्यंत सावकाश पोहोचते, त्यामुळे त्याच प्रमाणाला सरबतापेक्षा वास मंद लागतो. म्हणून क्रीम, आइस्क्रीम आणि कुल्फीत थोडे अधिक, म्हणजे किलोमागे दोन ते तीन मिलिलिटर द्रावण लागते. आइस्क्रीमचे मिश्रण तापवून गार झाल्यावर आणि गोठवायला लावण्यापूर्वी ते घालावे. केकच्या पिठात घातलेले इसेन्स भट्टीत बहुतांशी निघून जाते, त्यामुळे केक साधा भाजून वास क्रीममध्ये आणि केकवर शिंपडायच्या पाकात ठेवणे शहाणपणाचे. कडक गोळ्यांचा पाक १५० अंशांच्या आसपास शिजतो. त्यात स्वाद घालायचा तर तो फरशीवर ओतून, मळण्याइतका निवल्यावरच, आणि तेव्हाही उडालेली वाफ तोंडावर येणार नाही अशा बेताने. हे काम घरी करण्यापेक्षा कसबी माणसाकडून शिकून घ्यावे.

साठवण आणि उलटलेला माल

सोलापूरच्या पूर्व भागातील एका बचत गटाने फेब्रुवारीत भरून ठेवलेल्या पाकाची बाटली मे अखेरीस माझ्यासमोर उघडली गेली. रंग शाबूत, बुरशीचा मागमूस नाही, साखर तळाला बसलेली नाही. पण बूच निघताच अननसामागून शिळ्या लोण्याचा आंबूस भपकारा आला. गटातील एक मावशी म्हणाल्या, ‘साखर खराब आली असणार.’ साखर निर्दोष होती. आम्लयुक्त पाण्यात एस्टर हळूहळू फुटून पुन्हा अल्कोहोल आणि ब्युटिरिक आम्ल होते, आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत चाळीस अंशांच्या वर काढलेल्या दुपारी ही क्रिया वेगाने पुढे नेतात. सुरुवातीला सांगितलेला उलट प्रवास तो हाच. इसेन्स जितके जास्त घातलेले, तितका हा खवटपणा उशिरा का होईना, पण जोरात येतो.

त्यामुळे तयार पाक हंगामभराचा एकदम भरू नये. दोन-तीन आठवड्यांत खपेल एवढाच करावा. बिनस्वादाचा साधा पाक आधी करून ठेवला आणि मागणीप्रमाणे त्यात स्वाद मिसळला, तर सिद्धेश्वर यात्रेसारख्या गर्दीच्या दिवसांतही अडचण येत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे याच यात्रेच्या वेळी जानेवारीची हवा साथ देते; एप्रिल-मे मध्ये मात्र हा नियम मोडू नये. द्रावणाची बाटली घराच्या आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत, बंद कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. शुद्ध एस्टरची बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बूच सैल राहिल्यास आत साठलेल्या वाफेला विजेच्या ठिणगीचे निमित्त पुरते, आणि दूध-लोण्यालाही अननसाचा वास लागतो तो वेगळाच. ओला ड्रॉपर द्रावणात बुडवू नये, कारण गेलेले पाणी एस्टर फोडण्याच्या कामी येते. रबरी बूच आणि प्लॅस्टिकची झाकणे वास धरून ठेवतात आणि तो सोड्याच्या गरम पाण्यानेही पुरता जात नाही, म्हणून अननसाचे झाकण खस किंवा गुलाबाच्या बाटलीला लावू नये.

लेबलवर ‘अननसाच्या स्वादाचे सरबत’ असे लिहावे. फळ नसताना ‘अननसाचा रस’ असे लिहिणे ही फसवणूक आहे आणि कायद्यालाही ती मान्य नाही. स्वाद घातल्याची सूचना, स्वादाचा प्रकार, घटकांची यादी, उत्पादनाची तारीख, मुदत आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक छापावा. एथिल ब्युटिरेट फळात आढळते आणि कारखान्यात तसेच्या तसे तयार केले जाते, म्हणून ते निसर्गसदृश स्वादांच्या वर्गात मोडते. तयार इसेन्स वापरले असेल, तर त्याच्या बाटलीवर नमूद केलेला वर्गच आपल्या लेबलवर उतरवावा.

प्रत्येक घाण्यातील एक छोटी बाटली तारीख घालून बाजूला ठेवावी आणि दर आठवड्याला ती उघडून ताज्या घाण्याशी ताडून पाहावी. खवटपणाची पहिली छटा लागली की त्या घाण्याच्या उरलेल्या बाटल्या विक्रीतून काढून घ्याव्यात. वरून आणखी इसेन्स घालून तो वास झाकण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. तयार झालेले ब्युटिरिक आम्ल त्याने कमी होत नाही, आणि नव्याने घातलेले एस्टर त्याच आंबट पाकात पुन्हा त्याच वाटेने जाऊ लागते. तो पाक टाकून द्यावा.